दात असलेली सुपली

ऑगस्ट लागला की पोर्टलंडच्या आमच्या मराठी मंडळींत दोन विषय हमखास निघतात. गणपतीची मूर्ती यंदा कुठून आणायची, आणि हकलबेरीला कुठल्या शनिवारी जायचं. पहिल्या विषयावर मी बोलत नाही, त्यात तज्ज्ञ फार आहेत. दुसऱ्यावर मात्र दर वर्षी कुणीतरी नवीन आलेला माणूस तोच प्रश्न विचारतो. "अरे, ती बेऱ्या ओरबाडायची फणी मिळते ना, ती मागवू का? हाताने एकेक तोडत कोण बसणार?" मग कुणीतरी सांगतं की नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यात हकलबेरीला फणी लावायला कायद्याने बंदी आहे. तिसरा म्हणतो, "या देशात कशालाही कायदा आहे!" आणि चौथा, जो स्वतःला पर्यावरणवादी समजतो, तो फणीवाल्याकडे अशा नजरेने बघतो की जणू त्याने वाघच मारला.

मी पेशाने मेकॅनिकल इंजिनियर. एखाद्या अवजारावर आरोप झाला की मला आधी ते अवजार हातात घेऊन बघावंसं वाटतं. गेली काही वर्षं मी हे बघत आलोय, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. हकलबेरीवरची फणीबंदी योग्य आहे. पण फणीला गुन्हेगार ठरवून सगळे जण दोन अवघड प्रश्नांतून अंग काढून घेतात. त्यातला एक प्रश्न गोणीचा आहे आणि दुसरा आगपेटीचा.

आधी ज्यांनी हकलबेरी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. (बेरीचं अनेकवचन मी 'बेऱ्या' करतो. 'बेरीज' म्हटलं की चौथीचं गणिताचं पुस्तक आठवतं.) ब्लूबेरीची ही डोंगरातली चुलत बहीण. कॅस्केड आणि रॉकी पर्वतांत साधारण तीन ते सहा हजार फुटांवर, कंबरेएवढ्या झुडपांवर येते. रंग काळपट जांभळा, आणि चव अशी की त्यानंतर दुकानातली ब्लूबेरी म्हणजे निळं पाणी वाटावं. ब्लूबेरीसारखी तिची शेती करायचे बरेच प्रयत्न झाले, पण ती काही शेतात नीट रमली नाही. त्यामुळे बाजारात जी काही हकलबेरी येते, ती आजही जवळजवळ सगळी रानातलीच. म्हणजे आपल्या करवंदासारखीच गत. घाटात द्रोणात घालून जी विकायला बसलेली असतात, ती कुणीतरी पहाटे काटे खाऊन आणलेली असतात.

पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या काठाने पूर्वेला जायचं, हूड रिव्हरला पूल ओलांडून व्हाइट सॅल्मन, तिथून उत्तरेला ट्राउट लेक. समोर माउंट अॅडम्स उभा. गावातून पुढे वर चढलं की गिफर्ड पिंचोट राष्ट्रीय वनात 'सॉटूथ' नावाची बेरीची रानं लागतात. हकलबेरीची पंढरी म्हणा.

आता ती फणी. एक उघड्या तोंडाची लाकडी किंवा पत्र्याची पेटी, वर मूठ, आणि पुढच्या कडेला ओळीने लांब दात. थोडक्यात, सुपलीला दात लावले की झाली फणी. झुडपात खालून घालायची, वर उचलायची, की फळं दातांत अडकून पेटीत पडतात आणि डहाळ्या दातांमधून निसटतात. सगळं गणित दोन दातांमधल्या फटीचं. फट फळाच्या व्यासापेक्षा कमी हवी आणि डहाळीच्या जाडीपेक्षा जास्त. हे एक वाक्य म्हणजे अख्खं डिझाइन.

आणि हे डिझाइन काही कुठल्या कंपनीने काढलेलं नाही. या भागातल्या मूळ जमातींत बेऱ्यांसाठी फण्या होत्या. काही लाकूड कोरून केलेल्या, तर काही चक्क सॅल्मन माशाच्या कण्याच्या. ज्याने कधी पापलेट किंवा सुरमई नीट खाल्लीय त्याला हे लगेच कळेल. कण्याला एका मापाने, एका अंतराने आलेले काटे म्हणजे आयती फणी. नदीतून मासा खायचा आणि त्याच्याच हाडाने डोंगरावरचं फळ काढायचं. मला तर यात कुठल्याही पेटंटपेक्षा जास्त अक्कल दिसते.

तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यात, हीच कल्पना वेगळ्या वाटेने आली. क्रॅनबेरीसाठी दातांची सुपली आधीपासून होतीच. १८८३ च्या सुमारास कोलंबिया फॉल्स गावच्या अबायजा टॅबट नावाच्या गृहस्थाने रानटी ब्लूबेरीसाठी तशी फणी बनवली असं सांगतात. तेव्हापासून मेनमध्ये फणी चालली आहे. दर ऑगस्टमध्ये माणसं ओळीने वाकून त्या लालसर माळांवर फण्या ओढतात. आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरला जोडलेली यंत्रं आली आहेत, तरी खडकाळ जागी हातफणी अजून आहे. म्हणजे एकशे चाळीस वर्षं फणी चालवून मेनची ब्लूबेरी संपली नाही. मग इथे वॉशिंग्टनमध्येच फणी राक्षस कशी झाली?

याचं उत्तर झुडपाच्या रचनेत आहे. मेनची रानटी ब्लूबेरी गुडघ्याच्याही खाली राहते. फळं फांदीच्या टोकाला घोसाने लागतात. फणी टोकावरून फिरली की घोस आला. शिवाय तिथले शेतकरी ते झुडूप दर दुसऱ्या वर्षी जमिनीसरसं छाटतात किंवा जाळतात. एक वर्ष पीक, एक वर्ष विश्रांती. फणीने एखादी डहाळी मोडली तरी ती नाहीतरी पुढच्या वसंतात जाणारच असते. खरं झाड जमिनीखाली आहे, आडव्या पसरलेल्या कंदासारख्या खोडांच्या जाळ्यात. वर दिसतो तो फक्त या वर्षीचा पाला.

हकलबेरीचं तसं नाही. फळ एकेकटं, पानाच्या बेचक्यात लपलेलं. झुडूप उंच, फांद्या वेड्यावाकड्या आणि वर्षानुवर्षं जुन्या. इथे फणी घातली की एका फळामागे दोन-चार पानं येतात, हिरवी फळं येतात, आणि डहाळीचं टोक मोडलं की त्याबरोबर पुढच्या वर्षीची वाढही जाते. हे झुडूप कुणी दर दोन वर्षांनी नव्याने उगवून आणत नाही, ते तसंच मोडकं राहतं. तेव्हा अवजार तेच, पण भूमिती वेगळी. शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी घेऊन कुणी गुलाब तोडायला जात नाही, त्यातलाच प्रकार.

मग हाताने कसं तोडतात? कमरेला पट्ट्याने डबा बांधायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. झुडपाची फांदी डाव्या हाताने उलटी करायची, कारण फळं पानांखाली असतात. आणि उजव्या हाताचा अंगठा फळावरून हलकेच खाली ओढायचा. पिकलेलं फळ लगेच सुटतं, कच्चं धरून राहतं. ओढायचा जोर इतकाच ठेवायचा की पिकलेलं सुटेल आणि कच्चं राहील. गाय दोहताना आचळावर बोटं कशी चालतात, साधारण तसं. मुरलेल्या माणसाचे हात बघत राहावेत. एका मिनिटात तळहात भरतो आणि त्यात पान नसतं. बोटाला फळ पिकल्याचं कळतं, फणीला कळत नाही, मुख्य फरक हा.

आता साफसफाई. यावर कुणीच बोलत नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे.

मी स्वतः एक फणी बनवली. रानात न्यायला नव्हे, तर बघायला. देवदाराच्या पातळ फळ्या, सायकलच्या चाकाच्या आऱ्या कापून केलेले दात, फट सहा मिलिमीटर. आमच्या परसातल्या ब्लूबेरीच्या झाडांवर चालवली. तोडणी झटपट झाली, वाद नाही. पण बादली बघितली तर पानं, देठ, कच्ची हिरवी फळं, कोळ्याची जाळी आणि एक गांगरलेला टोळ. हे सगळं वेगळं करायला जो वेळ लागला, त्यात तोडणीत वाचलेला वेळ व्याजासकट गेला. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर फणीने काम कमी केलं नाही, फक्त झुडपापासून उचलून ओट्यावर आणून ठेवलं.

पुण्याहून आणलेलं बुरुड आळीतलं सूप आमच्याकडे आहे. माझ्या आईने इथे आलेली असताना त्यात बेऱ्या घेऊन बघितल्या. पाखडणं हा धान्याचा मान. धान्य कोरडं आणि टणक असतं, हिसका सोसतं. बेरीला सुपाचा हिसका बसला की ती फुटते, रस सुटतो, आणि मग पान तिला चिकटतं ते कायमचं. "याला नुसतं घोळायचं, पाखडायचं नाही," असं म्हणून तिने सूप तिरकं धरून मनगटाने हळूहळू फिरवलं. फळं गडगडत कडेला आली, पाला मागे राहिला. मी त्याच दुपारी शेजारी जाऊन बघितलं तर तिथे हेच तत्त्व लाकडात बांधून ठेवलेलं!

शेजारचे आजोबा निवृत्त सुतार, मूळचे मेनचे. त्यांनी केलेली फळी अशी : चारेक फूट लांब, दोन्ही बाजूंना पट्ट्या, आणि वर ताणून ठोकलेली जुनी लोकरीची घोंगडी. एका टोकाखाली विटा ठेवून तिरकी करायची. वरून बेऱ्या मूठ-मूठ सोडायच्या. गोल, घट्ट बेरी गडगडत खाली डब्यात. पानं लोकरीला धरून राहतात. सुरकुतलेली किंवा फुटलेली बेरी सरळ गडगडत नाही, ती वाटेतच अडते. म्हणजे नुसता कचराच वेगळा होत नाही, प्रतवारीही आपोआप होते. उतार किती द्यायचा? एक वीट कमी पडली तर चांगली फळंही थांबतात, एक जास्त झाली तर पानंही घसरतात. आजोबांना घर्षणाचा कोन वगैरे शब्द ठाऊक नाहीत, पण विटेखाली पुठ्ठा किती घालायचा ते बरोब्बर ठाऊक आहे. फळीच्या आधी पाव इंची तारेची जाळी, त्यातून देठ आणि बारीक फळं खाली पडतात. आणि हवा हवी असेल तर टेबलफॅन. फॅन नसेल तर वारा बघून एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतायचं. आपल्याकडे खळ्यावर उफणतात, तेच. फक्त उंची कमी, नाहीतर खाली जॅम पडेल.

पाण्यात टाकून पाला वेगळा काढायची युक्तीही लोक सांगतात. ताबडतोब खाणार असाल तर ठीक. ठेवायच्या असतील तर अजिबात नको, भिजलेली बेरी लगेच बुरसते.

आता यातून निघणारा मुद्दा बघा. घरी खायला तोडणारा माणूस स्वतःच साफ करतो. त्याला फणीची किंमत त्याच संध्याकाळी ओट्यावर मोजावी लागते, म्हणून तो दोन-चार वेळा करून बघतो आणि पुन्हा हाताने तोडायला लागतो. त्याच्यापुरता कायदा नसला तरी फार बिघडणार नाही. पण विकायला तोडणाऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याला पैसे वजनावर मिळतात. पुढे कुठेतरी वारा मारणारी मोठी यंत्रं असतील, तर पाला काढायचं काम त्याच्या डोक्यावरून उतरतं. मग फणीत तोटा उरतच नाही, फायदा तेवढा उरतो. झुडपाचा तोटा कुणाच्याच खात्यावर लिहिला जात नाही. म्हणून मी म्हणतो, प्रश्न गोणीचा आहे. रानातून दिवसाला किती माल उचलला जातो आणि तो कोण विकत घेतो, हे मोजायला माणसं लागतात, पैसा लागतो आणि विकत घेणाऱ्यांशी वाकडं घ्यावं लागतं. फणी जप्त करणं त्या मानाने सोपं.

यात आणखी एक गोष्ट मला खटकते. इथे व्यापारी तोडणी करणाऱ्यांत कंबोडिया-लाओसकडून आलेली कुटुंबं आणि लॅटिन अमेरिकेतून आलेले मजूर बरेच आहेत. फणीवर चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला 'ती माणसं' सुरू होतात. 'ती माणसं' झुडपं ओरबाडतात, 'त्या माणसांना' रानाचं प्रेम नाही. आपल्या मराठी जेवणाच्या टेबलावरही हे ऐकलंय मी, आणि बोलणाऱ्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड अजून यायचं होतं! अरे बाबा, आपण एसी गाडीतून, वीकेंडला, हौस म्हणून जातो. तो माणूस तंबूत राहून, पहाटे थंडीत, डॉलरसाठी वाकतो. नियम त्यालाही लागू आहेतच, मोडले तर दंडही व्हावा. पण रानावरचं प्रेम पगारी नोकरी असणाऱ्यांनाच परवडतं असं जर आपण म्हणणार असू, तर निदान तसं स्पष्ट म्हणावं.

आता आगपेटी.

हकलबेरीला ऊन लागतं. दाट झाडीत ती जगते, पण फळत नाही. फळायला उघडं रान लागतं, आणि या डोंगरांत उघडं रान आगीमुळे तयार व्हायचं. काही विजेने लागलेल्या आगी, आणि बऱ्याच माणसांनी लावलेल्या. याकामा, क्लिकिटाट वगैरे जमातींचे लोक बेरीचा हंगाम संपला की शरदात, पहिल्या पावसाच्या बेताने, रानाला काडी लावून खाली उतरत. झाडांची पोरं जळत, हकलबेरीची जमिनीखालची खोडं टिकत, आणि काही वर्षांनी तिथे पुन्हा बेरीच बेरी. कोकणात ज्यांनी राब भाजताना बघितलाय त्यांना यात रानटी असं काही वाटणार नाही. जाळणं हीसुद्धा मशागत असते.

ते लोक आगीचा उपयोग आणखी एका कामाला करत, आणि ते मला फार आवडतं. बेऱ्या तिथेच डोंगरावर वाळवत. एक लांब उथळ चर खणायचा, त्याच्या कडेने आडवा पडलेला ओंडका धुमसत ठेवायचा, आणि समोरच्या उतारावर चटयांवर बेऱ्या पसरायच्या. धग लागून त्या मनुकांसारख्या होत. वजन घटलं की टोपल्या पाठीवर घेऊन खाली. त्या चरांच्या खुणा आजही गिफर्ड पिंचोटच्या रानात पुरातत्त्ववाल्यांना सापडल्या आहेत. म्हणजे तोडणी, वाळवणी आणि मशागत, तिन्ही एकाच हंगामात, एकाच जागी. फणी त्या सगळ्यातला एक छोटा भाग होती. आपण ती तेवढीच उचलून बाजारात आणली आणि बाकीचं सोडून दिलं.

विसाव्या शतकात सरकारने आग विझवायचा धडाका लावला. १९१० च्या प्रचंड वणव्यांनी वनखात्याला घाबरवलं होतं. १९३५ मध्ये तर धोरणच आलं की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. काड्या लावणारे मूळ रहिवासी त्याआधीच गुन्हेगार ठरले होते. परिणाम व्हायचा तोच झाला. बेरीच्या रानांत फर आणि हेमलॉक वाढले, सावली पसरली, फळं कमी होत गेली. १९७२ मध्ये वनखात्याच्याच डॉन मायनोर या संशोधकाने ओरेगन-वॉशिंग्टनच्या हकलबेरीवर पुस्तिका काढली. तिच्या नावातच तिला 'घटत चाललेली संपत्ती' म्हटलेलं होतं. त्यालाही आता पन्नासहून जास्त वर्षं झाली.

हे लक्षात घेतलं की फणीचा वाद केवढासा वाटतो बघा. फणीने झुडपाची डहाळी मोडते. सावलीने अख्खं रान वांझ होतं. आणि सावलीला दंड करता येत नाही.

शिवाय रान कुणाचं, हाही प्रश्न आहेच. आमचा एक मित्र नेहमी म्हणतो, "पब्लिक लँड आहे, मी टॅक्स भरतो, मला हवं तेवढं तोडीन." त्याला मी दोन तारखा सांगतो. १८५५ मध्ये याकामा लोकांनी अमेरिकन सरकारशी तह केला. त्यात प्रचंड जमीन गेली, पण मासेमारी, शिकार आणि कंदमुळं-बेऱ्या गोळा करायचा हक्क त्यांनी लिहून घेतला. म्हणजे हे हक्क कुणी त्यांना दिलेले नाहीत, त्यांनी ते राखून ठेवले. दुसरी तारीख १९३२. मंदीचे दिवस, शहरांतले हजारो बेकार लोक बेऱ्या तोडून चार पैसे मिळवायला डोंगरावर आले. याकामांना स्वतःच्याच रानात जागा उरेना. तेव्हा त्यांचे प्रमुख विल्यम यालप आणि वनाधिकारी जे. आर. ब्रुकार्ट यांनी हातात हात घेऊन ठरवलं की सॉटूथच्या रानाचा एक भाग फक्त मूळ रहिवाशांसाठी राहील. हस्तांदोलनाचा करार म्हणूनच तो ओळखला जातो. आजही २४ नंबरच्या रस्त्यावर तशा पाट्या आहेत. रस्त्याच्या एका बाजूला आपण तोडायचं, दुसऱ्या बाजूला नाही.

त्या लोकांत हकलबेरी म्हणजे 'विवनू', आणि ती मोसमातल्या मानाच्या अन्नांपैकी एक. आधी जेवण, प्रार्थना, मान, आणि मग बाकीच्यांनी तोडायला सुरुवात करायची. आपल्याकडे नवान्न केल्याशिवाय नवीन तांदूळ शिजवत नाहीत, तसंच. ज्याला हे कळत नाही अशा मराठी माणसाला मी अजून भेटलेलो नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

सरकारने २०२५ च्या हंगामात गिफर्ड पिंचोटमधली व्यापारी तोडणी थांबवली. याकामांची मागणी बऱ्याच वर्षांपासून होतीच. मला हा निर्णय पटतो. पण नुसती तोडणी थांबवून झाडी विरळ होत नाही. गेल्या काही वर्षांत थोड्या भागात झाडं कापून ऊन आत घेण्याचं काम झालं आहे. ते वाढायला हवं आणि आगही परत यायला हवी, ज्यांना ती लावता येत होती त्यांच्या सल्ल्याने. अडचणी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. शंभर वर्षांचं साठलेलं सरपण आहे, जवळ वस्त्या आहेत, धुराचे नियम आहेत. आग फार कडक झाली तर जमिनीखालची खोडंही जातात. आणि मेनसारखं दुसऱ्या वर्षी पीक येत नाही. हकलबेरी जळल्यावर भरभरून फळायला बरीच वर्षं घेते. वर्षाच्या बजेटवर चालणाऱ्या खात्याला एवढा धीर धरणं जड जातं.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, कारण ते अगदी जवळचं आहे. विदर्भात मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे पडलेलं फूल दिसावं. ही वेचणीआधीची साफसफाईच. त्यातून कधी वणवा पसरतो आणि वनखातं वेचणाऱ्यांना दोष देतं. दोष काही वेळा खराही असतो. झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलण्याचा उपायही आहे. पण वेचणारा जोपर्यंत रानात चोर असतो तोपर्यंत त्याने जाळी कशासाठी बांधावी? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा हक्क मान्य केला, आणि २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकायचा हक्क प्रत्यक्ष हातात घेतला. रान राखायची जबाबदारी त्या हक्काबरोबर आली. इथे याकामांच्या बाबतीत हक्क कागदावर १८५५ पासून आहे, फक्त काडी त्यांच्या हातात नाही.

असो. फार गंभीर झालं. आता यंदा जाणाऱ्यांसाठी कामाचं.

फणी मागवू नका. ज्यांनी आधीच मागवली आहे त्यांनी परसातल्या ब्लूबेरीवर हौस भागवावी. घरच्यापुरत्या तोडणीला तिथे परवाना फुकट मिळतो, पण तो घ्यावा लागतो. मर्यादा माणशी दिवसाला एक गॅलन आणि वर्षाला तीन गॅलन अशी असते. निघण्याआधी त्या वर्षीचा नकाशा आणि नियम बघून घ्या. एक गॅलन थोडा वाटतो, पण हाताने तोडून बघा, दुपारपर्यंत पाठ सांगेल. २४ नंबरच्या रस्त्यावरची पाटी वाचून मगच गाडी लावा. मुलांना न्या, त्यांची बोटं लहान असतात आणि झुडपांच्या खालच्या फांद्या त्यांच्याच उंचीच्या असतात. अस्वलांचाही हा हंगाम असतो, तेव्हा गप्पा मोठ्याने मारा. हे मराठी ग्रुपला वेगळं सांगायची गरज नाही.

डबा उथळ घ्या, खोल बादलीत तळाच्या बेऱ्या दबतात. घरी आल्यावर आधी साफ करा. जुनी घोंगडी किंवा खरखरीत लोकरीची शाल एखाद्या फळीवर ताणा, एका टोकाखाली दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा, आणि मूठ-मूठ सोडा. ज्या वाटेत अडतील त्या वेगळ्या काढून त्याच रात्री थोड्या साखरेवर शिजवा, त्यांचा मुरंबा उत्तम होतो. ज्या गडगडत खाली येतील त्या न धुता ताटात एका थरात पसरून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि गोठल्यावर पिशवीत भरा. धुवायच्या त्या खायच्या दिवशी.